भिंगावरील चरे

कॅमेऱ्याच्या भिंगावर चरा पडला म्हणजे मालकाच्या जिवाला जी रुखरुख लागते, ती ज्यानें अनुभवली असेल त्यालाच कळेल. भिंग उजेडाकडे तिरपें धरावें, तों कालपर्यंत निर्मळ असलेल्या कांचेवर केसासारखी बारीक रेघ चमकून उठते. मग ती बोटानें चांचपून पाहणें, धोतराच्या सोग्यानें पुसून पाहणें, शेजाऱ्यास दाखविणें, दुकानदारास विचारणें, असे सोपस्कार सुरू होतात. कोणी म्हणतो, भिंग बाद झालें. कोणी दंतमंजनानें घांसून काढण्याचा सल्ला देतो. कोणी नवें भिंग विकण्यास पुढें सरसावतो. या गडबडींत एक साधा प्रश्न विचारावयाचा मात्र राहून जातो. या चऱ्यानें चित्राचें नक्की काय बिघडलें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मी जन्मभर शाळामास्तर होतों आणि माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. तेव्हां मोठमोठीं समीकरणें मांडून मी आपणांस भिववीन अशी धास्ती बाळगूं नये. त्रैराशिक आणि वर्तुळाचें क्षेत्रफळ, एवढ्या गणितावर आपलें काम भागण्यासारखें आहे.

प्रथम एक घरगुती प्रयोग करून पाहावा. खिडकीला डासांची जाळी असेल तर तिच्यापासून हातभर दूर उभे राहून जाळीकडे पाहा. तिची तार न् तार स्पष्ट दिसेल. आतां डोळा जाळीच्या अगदीं जवळ न्या आणि दूरच्या एखाद्या झाडाकडे पाहा. जाळी विरघळून गेल्यासारखी होते. तारा जागच्या जागींच आहेत, पण झाडाचें एकही पान त्यांनीं झांकलेलें नाहीं. असें कां व्हावें? झाडाच्या एकेका पानापासून निघालेले किरण आपल्या बाहुलीच्या सर्व भागांवर पडतात. तारेनें त्यांतील कांहीं अडविले, तरी बाकीचे तारेच्या दोहों बाजूंनीं आंत शिरतात आणि त्या पानाचें चित्र पुरें करितात. अडलेल्या किरणांमुळें चित्र थोडें मंद होतें, पण त्याला भोंक पडत नाहीं.

कॅमेऱ्याच्या भिंगाचेंही असेंच आहे. भिंगाचा वरचा भाग आकाशाचें चित्र काढतो, खालचा भाग जमिनीचें, आणि मधला माणसाच्या चेहऱ्याचें, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती मुळांतच चुकीची होय. समोरच्या प्रत्येक बिंदूचें चित्र काढण्यास भिंगाचा सर्व पृष्ठभाग मिळून खपत असतो. यास्तव भिंगाच्या मध्यावर चरा आहे म्हणून चित्रांतील माणसाच्या नाकावर रेघ उमटावी, असें घडत नाहीं.

हें तत्त्व मोठ्या प्रमाणावर समजून घेण्यास आपल्या सोलापूर जिल्ह्यांत एकदां येऊन गेलेला एक कॅमेरा उपयोगी पडेल. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. तें ग्रहण टिपण्यासाठीं अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे ज्योतिषी डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनीं करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें तळ दिला होता. पुण्याच्या वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांचें ठाणेंही तेथेंच होतें. कॅम्पबेल यांच्या सामानांत चाळीस फूट लांबीचा एक कॅमेरा होता. त्याच्या भिंगाचा व्यास ५ इंच, आणि भिंगापासून फोटोची पट्टी ४० फूट दूर. भिंग स्थिर ठेवून ती पट्टीच सूर्याच्या गतीनें सरकविली जाई. या कॅमेऱ्यांत सूर्याची प्रतिमा जवळजवळ साडेचार इंच व्यासाची पडे. खग्रास अवस्था टिकली सुमारें दोन मिनिटें, आणि तेवढ्यांत सारें काम उरकावयाचें!

आतां कल्पना करा, कीं त्या पांच इंची भिंगावर मोहरीएवढा एक काळा डाग असता. मोहरीचा व्यास दोन मिलिमीटर धरला, तर तिनें झांकलेली जागा तीन चौरस मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरते. भिंगाचें क्षेत्रफळ साडेबारा हजार चौरस मिलिमीटरांच्या वर. म्हणजे चार हजार किरणांतील एक अडला असता आणि बाकीचे सर्व पोहोंचले असते. सूर्याच्या प्रतिमेंत मोहरीएवढें भोंक पडलें नसतें. सगळी प्रतिमा चार हजाराव्या भागानें मंद झाली असती, आणि तो फरक जगांतील कोणत्याही डोळ्याला कळला नसता.

हाच हिशेब आपल्या कॅमेऱ्याला लावूं. पन्नास मिलिमीटरांचें साधें भिंग घ्या. त्यावर जो एफ-२ असा आंकडा असतो त्याचा अर्थ असा, कीं छिद्र पूर्ण उघडलें असतां प्रकाश शिरण्याच्या वाटेचा व्यास पन्नासाचा निम्मा, म्हणजे २५ मिलिमीटर असतो. त्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ४९० चौरस मिलिमीटर. आतां त्यावर पांच मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका रुंद चरा आहे असें समजा. डोळ्याला हा चरा चांगलाच मोठा वाटतो. पण त्याचें क्षेत्रफळ येतें पाव चौरस मिलिमीटर. म्हणजे प्रमाण पडलें सुमारें दोन हजारांत एक. ज्या दोषासाठीं आपण रात्रीची झोंप घालविली, त्यानें दोन हजार रुपयांतला एक रुपया नेला!

कोणास हें गणित पटत नसेल, तर अमेरिकेंतच घडलेली एक हकीकत सांगतों. टेक्सस संस्थानांतील मॅक्डोनल्ड वेधशाळेंत १०७ इंच व्यासाचा आरसा असलेली मोठी दुर्बीण आहे. सन १९७० च्या फेब्रुवारी महिन्यांत तेथील एका नोकराचें डोकें फिरलें आणि त्यानें पिस्तूल काढून त्या आरशावर गोळ्या झाडल्या. आरशाला खळगे पडले, पण तो फुटला नाहीं. ज्योतिष्यांनीं हिशेब केला तो असा, कीं प्रकाश शेंकडा एकाच्या आसपास कमी झाला. ते खळगे तसेच ठेवून दुर्बिणीनें पुढें अनेक वर्षें ताऱ्यांचे वेध घेतले. जेथें बंदुकीच्या गोळीनें काम अडलें नाहीं, तेथें आपल्या केसाएवढ्या रेघेची काय कथा!

तथापि, श्रोतेहो, नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें शिक्षकाला शोभणार नाहीं. चरा नुसता प्रकाश अडवून स्वस्थ बसत नाहीं. त्याच्या खडबडीत कडांवर आपटलेला प्रकाश भलत्याच दिशांना विखुरतो, आणि चऱ्याचा खरा उपद्रव आहे तो हाच. सूर्य पाठीशीं असतांना हा विखुरलेला प्रकाश इतका अल्प असतो, कीं तो जाणवत नाहीं. पण सूर्य किंवा दिवा समोर आला, कीं तो सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा पसरतो. काळा भाग करडा दिसूं लागतो आणि चित्राचा उठाव जातो. रात्रीं तर दिव्यांतून लांबच लांब तिरिपा निघालेल्या दिसतात. मोटारीच्या पुढच्या कांचेवर पुसणीनें एकाच बाजूला चरे पाडलेले असले, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे कसे फांकतात तें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. चरा आडवा असेल तर तिरीप उभी, आणि चरा उभा असेल तर तिरीप आडवी निघते. या खुणेवरून अपराधी चरा कोणता तें ओळखतां येतें. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्यांतील रोषणाईचे आणि शोभेच्या दारूकामाचे फोटो काढणाऱ्यांनीं ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

चरा जाचक होण्याचे आणखी तीन प्रसंग आहेत. पहिला, छिद्र फार लहान केलें असतां. त्याच पन्नास मिलिमीटरांच्या भिंगाचें छिद्र एफ-१६ वर आणलें, तर प्रकाशाची वाट तीन मिलिमीटरांची राहते. चरा नेमका तिच्या मधून जात असेल, तर दोन हजारांत एक हें प्रमाण एकदम पन्नासांत एकावर येतें. भिंग तेंच आणि चराही तोच, पण दरवाजा अरुंद झाल्यामुळें दारांतली काडी आडवी येऊं लागली. दुसरा प्रसंग चरा मागच्या कांचेवर असल्याचा. किरण मागें जाऊं लागतात तसतसे एकेका बिंदूकडे निमुळते होत जातात. म्हणून मागच्या कांचेवरील लहानसा दोषही चित्राच्या एखाद्या भागाचा बराच प्रकाश अडवूं शकतो. भिंगाची पुढची बाजू जपणारे आणि मागची बाजू टेबलावर तशीच टेकवून ठेवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांनीं उलट करावें. तिसरा प्रसंग हल्लीं घरोघर आला आहे, तो म्हणजे खिशांतल्या फोनचा. फोनच्या भिंगाची वाट मुळांतच तीनचार मिलिमीटरांची. त्यावरील कांचेस चरा पडला तर प्रमाणाच्या मानानें तो मोठा ठरतो. तरी फोनच्या धुरकट चित्रांचें पहिलें कारण बहुधा चरा नसून बोटांचा तेलकट ठसा असतो. तो पुसला, कीं पुष्कळांचा फोन नव्यासारखा होतो.

आतां हा विषय मी बोलण्यासाठीं कां निवडला तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या वडिलांचें एका तालुक्याच्या गांवीं फोटोचें लहानसें दुकान होतें. ओळखपत्राचे फोटो, शाळांचे वर्गवार फोटो, लग्नकार्यें, यांवर घर चालत असे. वडील वारले आणि दुकान मुलाकडे आलें. कॅमेरा एक आणि कामाचें भिंगही एकच. त्याच्या पुढच्या कांचेवर नखाएवढा चरा होता. तो घेऊन हा मुलगा शहरांतील एका दुकानीं गेला, तेव्हां त्याला सांगण्यांत आलें, कीं हें भिंग भंगारांत गेलें, नवें घेतल्यावांचून धंदा चालणार नाहीं. नव्याची किंमत ऐकून त्यानें आईच्या पाटल्या गहाण टाकण्याचें ठरविलें होतें. सल्ला विचारावयास म्हणून तो आलेला नव्हता, निरोप घ्यावयास आला होता. बोलतां बोलतां विषय निघाला.

मी म्हणालों, "पाटल्या दोन दिवस थांबतील. आधीं भिंगाची परीक्षा घेऊं."

तो म्हणाला, "गुरुजी, परीक्षा घ्यायची कशी? चरा तर समोर दिसतो आहे."

मी म्हणालों, "चरा भिंगावर दिसतो. तो चित्रावर दिसतो कीं नाहीं, तें कोणी पाहिलें आहे काय?"

तें कोणीच पाहिलें नव्हतें. आम्हीं भिंतीवर वर्तमानपत्राचें एक पान ताठ चिकटविलें आणि कॅमेरा तिवईवर बसवून एफ-४ वर त्याचा फोटो घेतला. मग काळ्या कागदाची एक मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर लांब पट्टी कापून ती भिंगाच्या कडेवरून कांचेपुढें आडवी धरली जाईल अशी बसविली, आणि पुन्हां फोटो घेतला. मीं मघां सांगितलेल्या चऱ्याच्या चाळीसपट जागा ती पट्टी अडवीत होती. दोन्ही चित्रें मोठीं करून शेजारीं शेजारीं ठेवलीं. अक्षरांच्या कडा दोहोंकडे सारख्याच. पट्टीचें चित्र कोणतें हें त्या मुलाला ओळखतां आलें नाहीं, आणि मलाही आलें नाहीं. ज्या भिंगाला चाळीसपट अडथळ्याची दाद नव्हती, त्याला नखाएवढ्या रेघेची काय पर्वा!

नंतर खोलींत अंधार करून एक उघडा दिवा कॅमेऱ्यासमोर ठेवला. येथें मात्र चऱ्यानें आपलें अस्तित्व दाखविलें. दिव्यांतून एक फिकी तिरीप निघाली आणि भोंवतालचा काळोख दुधाळ झाला. भिंगावर एक काळ्या कागदाची नळी बसवून दिवा किंचित् बाजूला सरकविला, तों तो दुधाळपणा गेला. निदान झालें. उजेड पाठीशीं किंवा बाजूला असतांना भिंगांत कांहीं उणें नाहीं. उजेड समोर असतांना पथ्य पाळावें. ओळखपत्राच्या आणि वर्गाच्या फोटोंत उजेड समोर येतोच कोठें? मुलानें रबरी झडप विकत घेतली आणि पाटल्या आईच्या हातांत राहिल्या.

येथें त्या दुकानावर आरोप करण्याचा माझा हेतु नाहीं. वस्तूचा दोष पाहून वस्तूचें मोल ठरविणें ही व्यापाराची रीत आहे. चरा पडलेल्या भिंगाला बाजारांत भाव कमी येतो, हेंही खरें आहे. पण बाजारांतला भाव आणि कामांतला उपयोग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याला भिंग विकावयाचें आहे त्यानें चऱ्याची चिंता करावी. ज्याला त्यानें फोटो काढावयाचे आहेत त्यानें चित्र पाहावें. गरीब विद्यार्थ्यानें तर जुन्या बाजारांत अशीं चरा पडलेलीं भिंगें मुद्दाम शोधावीं, कारण चांगलें भिंग थोडक्यांत मिळण्याची ती एक वाट आहे.

आतां उपायांकडे वळूं. चरा घांसून काढावा हा विचार मनांत येणें साहजिक आहे. दंतमंजन, पितळेची भांडीं चकचकीत करण्याचें द्रव्य, सोनारांची तांबडी पूड, असे अनेक उपाय सांगितले जातात. त्यांपैकीं एकही करूं नये असें माझें निक्षून सांगणें आहे. कारण असें. भिंगाची गोलाई प्रकाशाच्या लहरींच्या मापानें साधलेली असते. हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारें साडेपांच दशसहस्रांश. चांगल्या भिंगांत तिच्या चौथाईएवढी चूकही फार मानतात. आतां चऱ्याची खोली मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली, तरी ती त्या चौथाईच्या सत्तरपट होते. चरा नाहींसा करण्यासाठीं भोंवतालची सगळी कांच तितकी खालीं न्यावी लागेल, आणि तीही चोहोंकडे अगदीं सारखी. तें काम भिंगाच्या कारखान्यांत यंत्रावर होतें, अंगठ्यानें होत नाहीं. अंगठ्यानें होईल तें एवढेंच, कीं चऱ्याच्या जागीं एक खोलगट डबकें तयार होईल आणि तेथून जाणारा सगळा प्रकाश वांकडा जाईल.

आकाराची चूक ही चऱ्याहून किती घातक असते, याचा दाखला हबल नांवाच्या अंतराळांतील दुर्बिणीनें दिला. सन १९९० मध्यें ती आकाशांत सोडली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, गुळगुळीतपणांत अप्रतिम, अंगावर एक चरा नाहीं. पण घडवितांना मापांत चूक होऊन त्याची कड मिलिमीटरच्या सुमारें दोन सहस्रांशांनीं अधिक सपाट झाली होती. तेवढ्यानें ताऱ्यांचीं चित्रें पसरट आलीं, आणि १९९३ च्या डिसेंबरांत अंतराळवीरांनीं वर जाऊन दुरुस्तीचीं उपकरणें बसविलीं तेव्हां दृष्टि सुधारली. एकीकडे गोळ्यांनीं खळगे पडलेला पण आकारानें शुद्ध आरसा, आणि दुसरीकडे निष्कलंक पण आकारानें चुकलेला आरसा. पहिला कामास आला, दुसरा अडला. चरा घांसणारा मनुष्य आपल्या हातांनीं पहिल्याचा दुसरा करीत असतो.

घांसण्यानें दुसरीही एक हानि होते. हल्लींच्या भिंगांवर जी निळसर-जांभळी झांक दिसते, ती एका अत्यंत पातळ लेपाची असते. साध्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग शेंकडा चार भाग प्रकाश परत फेंकतो. तीन कांचांच्या भिंगाला सहा पृष्ठभाग असतात. तेव्हां शंभरांतले अठ्ठ्याहत्तर भागच आरपार जातात, आणि परत फिरलेला प्रकाश आंत घुटमळून चित्र फिकें करितो. लेप दिला असतां एका पृष्ठभागावरील हें नुकसान शेंकडा दीडपर्यंत खालीं येतें. मॅग्नेशियम फ्ल्यूओराइडचा असा एकपदरी लेप जाडीनें मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. दंतमंजनाच्या चार फेऱ्यांत त्याचें काय होईल, तें सांगावयास नको.

या लेपाचा शोध कसा लागला तेंही ऐकण्यासारखें आहे. इंग्लंडांतील यॉर्क येथील कुक कंपनीचे भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांच्या १८९६ च्या सुमारास असें लक्षांत आलें, कीं हवेनें डागळलेलीं जुनीं भिंगें नव्या स्वच्छ भिंगांपेक्षां अधिक प्रकाश आंत सोडतात. डागळलेला पापुद्रा परावर्तन कमी करीत होता. पुढें १९३५ मध्यें जर्मनींतील झाइस कारखान्याच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं निर्वात पात्रांत असा पापुद्रा मुद्दाम चढविण्याची रीत काढली. टेलर यांनीं डोळ्यांना दिसणाऱ्या डागावर विश्वास न ठेवतां प्रकाश मोजून पाहिला, म्हणून हा लाभ जगाच्या पदरीं पडला.

मग चऱ्यावर करावें तरी काय? बारीक चऱ्यावर कांहींच करूं नये, हा सर्वोत्तम उपाय होय. भिंगावर झडप बसवावी, सूर्य समोर घेऊं नये, आणि छिद्र विनाकारण अतिशय लहान करूं नये. चरा खोल असेल किंवा कांचेचा टवका उडाला असेल, आणि उजेडांत तो चांदीसारखा चमकत असेल, तर जुने छायाचित्रकार करीत ती युक्ति करावी. अगदीं बारीक ब्रशानें त्या खांचेंत काळी, न चकाकणारी शाई भरावी आणि बाहेर आलेली शाई वाळण्यापूर्वीं टिपून घ्यावी. काळा रंग प्रकाश गिळतो. त्यामुळें विखुरणारा चरा नुसता अडविणारा होतो, आणि अडविण्याचें नुकसान किती क्षुल्लक तें आपण पाहिलेंच आहे. हें काम पुढच्या कांचेपुरतें करावें. आंतील कांचांसाठीं भिंग उघडण्याच्या भानगडींत पडूं नये.

शेवटीं, चरे पडतात तरी कशानें? किल्लीनें किंवा नाण्यानें पडत असतील असें वाटतें, पण पितळ कांचेपेक्षां पुष्कळ मऊ आहे. कांचेचा काठिण्यांक साडेपांचच्या आसपास, आणि आपल्या शेतांतून सांपडणाऱ्या गारगोटीचा सात. काळ्या दगडाच्या भुकटींतील कांहीं कणही कांचेहून कठीण असतात. सोलापूरकडे पाऊस कमी, वारा कोरडा आणि धूळ फार. उन्हाळ्यांत नान्नजच्या माळावर किंवा उजनीच्या कांठीं पक्ष्यांचे फोटो काढावयास गेलेल्या माणसाच्या भिंगावर तासाभरांत या कणांचा थर बसतो. कण नुसता बसला असतां कांहीं करीत नाहीं. आपण वरून फडकें दाबून फिरवितों, तेव्हां तोच कण पटाशीसारखा कांच कोरीत जातो. बहुतेक चरे हे अपघातानें पडलेले नसून स्वच्छतेच्या हौसेनें पाडलेले असतात.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम रबरी फुग्यानें हवा मारून धूळ उडवावी. भिंग त्या वेळीं खालीं तोंड करून धरावें, म्हणजे कण खालीं पडतील. मग मऊ ब्रशानें हलकेच झाडावें. एवढ्यानें भागलें तर पुसूंच नये. तेलकट डाग असेल तरच अगदीं मऊ, धुतलेलें फडकें घेऊन, भिंग पुसण्याच्या द्रवाचा एक थेंब फडक्यावर घालून, मध्यापासून कडेकडे हलक्या हातानें फिरवावें. द्रव भिंगावर ओतूं नये, तो कडेनें आंत शिरतो. आपलें गांव विणकरांचें, म्हणून एक गोष्ट येथें मुद्दाम सांगावीशी वाटते. कोरें कापड कितीही मऊ लागलें तरी त्यानें भिंग पुसूं नये. मागावर चढविण्यापूर्वीं ताण्याच्या सुताला खळ देतात. तिच्यांत पिष्ट असतें, आणि गिरण्यांच्या खळींत चिनी माती घालण्याचीही चाल होती. कापड दोनतीनदां धुवून खळ निघाल्यावरच तें कांचेच्या कामाचें. टॉवेल तर मुळींच वापरूं नये, त्याच्या आंकड्यांत धूळ दडून बसते.

कोंकणांत किंवा मुंबईस राहणाऱ्या श्रोत्यांचा शत्रु धूळ नसून दमट हवा आहे. बंद पेटींत महिनोन् महिने पडलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि तिच्यांतील आम्ल कांच खातें. चऱ्याकडे दुर्लक्ष केलें तरी चालेल, बुरशीकडे करूं नये. भिंग कोरड्या हवेंत ठेवावें आणि अधूनमधून वापरावें.

भिंगापुढें साधी कांच कायमची लावून ठेवावी कीं काय, असेंही विचारतात. उडणारी वाळू, समुद्राचा तुषार, लग्नांतली धक्काबुक्की, अशा ठिकाणीं अवश्य लावावी. एरवीं झडप आणि टोपण पुरेत. त्या कांचेचे दोन पृष्ठभाग आणखी दोनदां प्रकाश परत फेंकतात, आणि रात्रीं दिव्यांचीं भुतें चित्रांत उभीं करितात. शिवाय ती मळकी ठेवली, तर निर्मळ भिंगापुढें मळका पडदा लावल्यासारखेंच होतें.

तेव्हां ज्यांच्या घरीं चरा पडला म्हणून एखादें भिंग कपाटांत बंद करून ठेवलें असेल, त्यांनीं उद्यां तें बाहेर काढावें. फुग्यानें धूळ उडवावी, सूर्य पाठीशीं घ्यावा, भिंतीवर वर्तमानपत्र लावावें आणि एक चित्र घ्यावें. मग दुसरें चित्र दिवा समोर ठेवून घ्यावें. भिंगाविषयीं जें काय ठरवावयाचें तें त्या दोन चित्रांवरून ठरवावें.